पाच रविवार, दहा वाजता

रविवार, १२ एप्रिल २००९
सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं

प्रिय दादा,

आत्ताच रिसीव्हर उचलून कानाला लावला. टोन आहे. तीनपर्यंत आकडे मोजले आणि खाली ठेवला. हे मी हल्ली दिवसातून दोनदा करतो, कामावर जाताना आणि आल्यावर, आणि रविवारी दहाच्या सुमारास एकदा जास्त. मग टेबलाशी येऊन हे पत्र सुरू केलं. समोर तू पाठवलेला हक्कसोडीचा कागद आहे. गुरुवारी मिळाला. माझी सही हवी तिथे तू पेन्सिलने फुल्या मारून दिल्या आहेस, तीन ठिकाणी. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंस की मला त्या घरातलं काही नको, एक भांडंसुद्धा नको, तिकडे पुन्हा येणंही नाही, सही करून पाठव म्हणजे विषय संपला. मी सही केलेली नाही. कधीच करणार नाही असं म्हणत नाही, ते तू ठरव. पण ज्या गोष्टीवर विश्वास ठेवून तू हा कागद केलास, ती गोष्ट खरी नाही. आणि ती खरी नाही हे फक्त मला माहीत आहे.

अप्पा गेले त्या संध्याकाळी मी तुला फोन केला तेव्हा तू म्हणालास, “पाच रविवार घंटा ऐकत बसला तो माणूस, पण हात पुढे केला नाही. आता मी येऊन काय करू?” मी गप्प राहिलो. तुला वाटलं असेल मी रडतोय. रडतही होतो, पण गप्प राहण्याचं कारण ते नव्हतं.

हे बोलून सांगता आलं असतं. पण मी बोलायला लागलो की माझी गाडी कुठेतरी घसरते आणि समोरचा “असू दे, असू दे” म्हणतो. तू ते म्हणू नयेस म्हणून लिहितो आहे. लिहिताना माझं तसं होत नाही. नववीत शाळा सुटली, पण रबरी शिक्क्यांच्या दुकानात नऊ वर्षं काढली. शिक्क्यात एक वेलांटी चुकली तर खोडता येत नाही, शिक्काच फेकावा लागतो. मालक गिऱ्हाइकांना सांगतात, “आमचा हा पोरगा शाळेत नापास आणि शुद्धलेखनात पहिला.” अप्पांनी तर आयुष्यात माझं एकदाच कौतुक केलं. लोकांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात हयात घालवलेला माणूस, त्यांना कुणाचंच काम पसंत पडायचं नाही. पण शेजारच्या काकूंना एकदा म्हणाले होते, “बारक्याला डोकं बेताचं आहे, पण काम चोख करतो.” मी स्वयंपाकघरात होतो. त्यांना ठाऊक नव्हतं मी ऐकतोय. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.

जानेवारीत तुझं पत्र आलं तेव्हा आधी मला अक्षरच ओळखू आलं नाही. चार वर्षं झाली होती. आई गेली तेव्हा तू एक दिवस उशिरा पोहोचलास, अप्पा दारातच म्हणाले, “आता काय बघायला आलास?” आणि तू चपला न काढता तसाच मागे वळलास. त्यानंतरचं हे पहिलं पत्र. माझ्या नावाने, पण त्यांच्यासाठी. लिहिलं होतंस, “फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारपासून पाच रविवार, बरोबर दहा वाजता मी घरच्या फोनवर फोन करीन. तू उचलायचा नाहीस. अप्पांनी उचलला तर बोलू. पाचही वेळा उचलला नाही तर मी काय ते समजेन आणि पुन्हा त्रास देणार नाही.” मी ते अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते खिडकीशी बसून एका जुन्या तागडीची साखळी सरळ करत होते. एक कडी सरळ केली. मग म्हणाले, “पाचच का? सहावा रविवार काय त्याच्या बापाचा आहे?” आणि आपल्याच बोलण्याचं त्यांना हसू आलं. चार वर्षांत या घरात तुझ्यावरून कुणी हसलं, ते तेव्हाच.

माझ्या डोक्यात लगेच पुढचं सुरू झालं. एकदा आवाज ऐकला की चेहरा बघावासा वाटणार. तुझी छकुली तीन वर्षांची झाली, अप्पांनी तिचा फोटोसुद्धा पाहिला नव्हता. मालकांनी दुकानाचा जुना कॉम्प्युटर मला दिलेला होता, आतल्या खोलीत कपाटाशेजारी. मी ठरवलं, पहिल्या रविवारच्या आत नेट घ्यायचं. फोनवर तुमचं गोड झालं की मी मध्येच रिसीव्हर मागणार आणि सांगणार, दादा, आता कॉम्प्युटरवर समोर ये. इतकं सगळं मी मनात रचून ठेवलं होतं.

२९ जानेवारी, गुरुवार. संध्याकाळी साडेसहाला टेलिफोनवाल्यांचा माणूस मोडेम, एक छापील कागद आणि तीन तोंडांची छोटी पांढरी डबी देऊन गेला. घाईत होता. “सोपं आहे, जमेल तुम्हाला,” म्हणाला. त्या डबीला स्प्लिटर म्हणतात. भिंतीतून येणारी तार तिच्या एका तोंडात लावायची, उरलेल्या दोन तोंडांतून एक वाट फोनला जाते आणि एक मोडेमला. आपल्याकडे भिंतीतलं तोंड आतल्या खोलीत कपाटामागे आहे आणि फोन बाहेरच्या खोलीत स्टुलावर, हे तुला आठवत असेल. फोनची तार दाराखालून आत जाते. मी कपाट पुढे ओढलं, डबी लावली, मग कॉम्प्युटरवर बसलो. कंट्रोल पॅनेल, त्यात नवीन कनेक्शन, त्यात ब्रॉडबँड, आणि त्यातही युजरनेम-पासवर्ड विचारून डायल करतं ते. कनेक्शनला नाव द्या म्हणून चौकट आली. मी विचार न करता ‘दादा’ असं टाकलं. आता त्या नावाचं चित्र स्क्रीनवर येऊन बसलं. त्याच्यावर टिचकी मारली की ते तुझ्या नावाने डायल करायचं.

पहिल्यांदा ६९१ नंबरची चूक आली. पासवर्ड जुळत नाही. कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं तर माझंच एक अक्षर लहान पडलं होतं. ते सुधारल्यावर लागलं, पण दोन मिनिटांनी तुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा तुटलं. मग ६७८ यायला लागली. पलीकडचा कॉम्प्युटर उत्तर देत नाही. मोडेमचा हिरवा दिवा नुसता लुकलुकत होता. शेवटी बाहेर जाऊन घरच्याच फोनवरून मदतीच्या नंबरवर लावला. एक मुलगी बोलली, आवाजावरून थकलेली. म्हणाली, लाइनमध्ये दोष आहे की तुमच्या जोडणीत ते बघायला हवं, लिहून घ्या. मी माझ्या वहीत लिहून घेतलं. एकूण चौदा ओळी झाल्या. त्यातली नववी, फोन आणि स्प्लिटर काढून ठेवणे. दहावी, भिंतीतली तार थेट मोडेमला लावणे. चौदावी, दिवा स्थिर झाला का पाहणे. ती म्हणाली, “हे करा आणि मग आम्हाला कळवा, पुढचं सांगते.” मी फोन ठेवला, आत गेलो, एकेक ओळ केली आणि प्रत्येकीपुढे बरोबरची खूण केली. चौदावीला दिवा स्थिर झाला. स्क्रीनच्या कोपऱ्यातली दोन चिमुकल्या कॉम्प्युटरची चित्रं उजळली. तुझ्या नावावर टिचकी मारली आणि कनेक्शन एकदाही तुटलं नाही.

तेवढ्यात अप्पा माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले होते. “यातून तो दिसेल?” म्हणाले. मी म्हटलं, “दिसेल, अप्पा. छकुलीही दिसेल.” ते थोडे वाकून स्क्रीनकडे पाहत राहिले, जणू आत्ताच कोणी दिसायचं आहे. मग म्हणाले, “आधी फोन तर येऊ दे.” ते बाहेर गेले. मी कपाट मागे लोटलं. वहीत बघितलं, चौदाच्या चौदा खुणा झाल्या होत्या. टेबलावर स्प्लिटर उरला होता. तो मी एका लहान प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, वर चिठ्ठी लिहिली, ‘स्प्लिटर. जपून ठेवणे’, आणि खणात ठेवला.

इथे थांबलो होतो. पाणी प्यायलो. आता पुढे लिहितो.

पहिल्या रविवारी अप्पांनी दाढी केली, पांढरा शर्ट घातला आणि सव्वानऊलाच स्टुलाशेजारी खुर्ची ओढून बसले. मनगटी घड्याळ रेडिओवरून लावलं. काकू नेहमीप्रमाणे त्यांच्या बहिणीला फोन करायला आल्या, हातात नाणी घेऊनच. तो आपला डबा आठवतो ना, फोन करील त्याने मिनिटांचे पैसे टाकायचे, घरच्यांनीसुद्धा. अप्पांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. “आज नाही. आता हा महिनाभर फोनला कुणी हात लावायचा नाही. तुम्ही बोलत बसाल, नेमका तेव्हाच त्याचा लागेल, आणि त्याला वाटेल आम्ही मुद्दाम लाइन अडकवली.” मलाही तोच हुकूम. स्वतःही नाही. म्हणून तो रिसीव्हर कुणी उचललाच नाही, दादा. एकदा, एका सेकंदासाठी कुणी उचलला असता तर कळलं असतं. तो उचलला नाही, कारण सगळं घर तुझी वाट पाहत होतं.

साडेदहा झाले तेव्हा म्हणाले, “त्याचं घड्याळ मागे असेल.” दुसऱ्या रविवारी मला तुझं पत्र परत वाचायला लावलं, दहा लिहिलंय की अकरा. तिसऱ्या रविवारी पंखा बंद करायला लावला, घंटा ऐकू येत नसेल म्हणून. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, पण पंखा लावू दिला नाही. मी आत कॉम्प्युटरवर बसून होतो आणि मनातल्या मनात तुला शिव्या घालत होतो. म्हातारा माणूस नटून बसलाय आणि याला साधा फोन करवत नाही. तुला विचारावं असं एकदाही वाटलं नाही, एवढा राग आला होता. चौथ्या रविवारी त्यांनी दाढी केली नाही, पण बसले. पाचव्या रविवारी, म्हणजे १ मार्चला, फोनकडे पाठ करून बसले. अकरा वाजता उठले आणि म्हणाले, “कामाचा माणूस आहे. नसेल जमलं त्याला.” मी काहीतरी वाकडं बोललो तुझ्याबद्दल. तर माझ्यावरच खेकसले, “तू गप्प बस. तुला काय कळतं त्याच्या कामातलं?” चार वर्षांत त्यांनी पहिल्यांदा तुझी बाजू घेतली. तुझ्या तिकडे तेव्हा पाचवी घंटा वाजून संपली होती.

सोमवारी दुकानात गेलो तर मालक म्हणाले, “काय रे, काल संध्याकाळी तातडीचं काम होतं, तुमच्याकडे फोन लावून लावून बोट दुखलं. घंटा जातेय, जातेय, कुणी उचलेना. सगळे मेलात की काय?” सगळे हसले. मीही हसलो. मग माझ्या हातातला अर्धा कापलेला शिक्का तसाच राहिला. काल संध्याकाळी मी घरातच होतो. घंटा वाजली नव्हती.

दुपारची सुट्टी घेतली नाही. संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो, कारण घरी जायची भीती वाटत होती. घरी आलो तेव्हा अप्पा मोरीत हातपाय धूत होते. रिसीव्हर उचलला. आत काहीही नव्हतं, शंखासारखा आवाजसुद्धा नाही. खण उघडला. पिशवी होती, माझ्या अक्षरातली चिठ्ठी होती. कपाट ओढलं, स्प्लिटर लावला, फोनची तार लावली, पुन्हा उचलला, टोन आला. चार मिनिटं लागली सगळ्याला. भिंतीतून येणारी घंटा महिनाभर मोडेमपाशी येऊन संपत होती आणि पलीकडे तुझ्या कानात वाजत होती. मागाहून मी ती वही पाहिली. स्प्लिटर आणि फोन पुन्हा लावणे, ही पंधरावी ओळ नव्हती. त्या मुलीने सांगितली नव्हती, ती नंतर सांगणार होती. आणि मी जे लिहून दिलेलं असतं तेवढंच चोख करतो.

इथपर्यंत वाचून तू म्हणशील, चूक झाली, कुणाकडूनही होते. म्हणून पुढचंही लिहिलं पाहिजे. अप्पा हात पुसत बाहेर आले आणि विचारलं, “कपाट का हलवलंस?” तेव्हा सांगायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, अप्पा, त्याने फोन केला होता, पाचही वेळा केला होता, मीच तार काढून ठेवली होती. मी म्हणालो, “झुरळ गेलं होतं मागे.” मला ते वाक्य घालवायचं नव्हतं. बारक्या काम चोख करतो. माझ्याकडे दुसरं काही नाहीच. मी मनाला सांगितलं, दादा रागावला तरी सहाव्या रविवारी एकदा करीलच, मग आपोआप सुटेल. तू करणार नाहीस हे पत्रात स्पष्ट लिहिलं होतंस, आणि ते पत्र मी तीनदा वाचलेलं होतं. मंगळवारी दुकानातून तुझा नंबर फिरवला आणि पहिली घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. बुधवारी रात्री जेवताना अप्पा नेहमीपेक्षा बरे वाटले, मला वाढलंसुद्धा. वाटलं, आज नको, कशाला त्यांची झोप मोडा. गुरुवारी दुपारी ते स्वयंपाकघरात पडले. चहाचं आधण करपल्याचा वास आला म्हणून काकू धावल्या. त्यांनी डॉक्टरांना आपल्याच फोनवरून बोलावलं. फोन तेव्हा चालू होता. डॉक्टर यायच्या आत सगळं संपलं होतं. सोमवार संध्याकाळ ते गुरुवार दुपार, माझ्याकडे जवळजवळ तीन दिवस होते.

एवढं असूनही मी कदाचित हे पत्र लिहिलं नसतं. या गुरुवारी तुझा कागद आला तेव्हा पेन घेऊन पहिल्या फुलीपर्यंत गेलो होतो, खरं सांगतो. सही केली असती, तुझा राग अप्पांच्या नावावर राहिला असता आणि मी चोख राहिलो असतो. पण काल मार्चचं बिल आलं. न उचललेल्या फोनचे पैसे लागत नाहीत, म्हणून तुझे ते पाच फोन कुणाच्याच बिलात नाहीत. पण या बिलात लांबचे दोन कॉल आहेत, दोन्ही तुझ्या घरच्या नंबरला. एक ५ मार्चचा, संध्याकाळी, चार मिनिटं. तो माझा. दुसरा ४ मार्च, बुधवार, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं, एक मिनिट. आधी वाटलं टेलिफोनवाल्यांकडून चूक झाली. नंबर एकेक आकडा करून ताडून पाहिला. मी तेव्हा दुकानात होतो. काकूंकडे तुझा नंबर नाही. मग तो डबा उघडला. जानेवारीच्या शेवटी मी तो रिकामा केला होता, त्यानंतर अप्पांनी कुणाला फोनला हात लावू दिलेला नव्हता, आणि ते गेल्यावर माझ्याकडून किंवा काकूंकडून त्यात काही पडलं नव्हतं. आत तीन रुपयांची नाणी होती. तू फोन केला नाहीस असं समजूनही त्यांनी तुला फोन केला, दादा, आणि नियमाप्रमाणे पैसे टाकले. एका मिनिटाचे पैसे लागले म्हणजे तुमच्याकडे कुणीतरी उचलला. तू कामावर असणार. वहिनींना विचार, छकुलीलाही विचार. ४ मार्चला, दुपार व्हायच्या आधी, न बोलता कुणी फोन ठेवला होता का, की काही बोलले. बोलले असतील तर काय बोलले, ते मला लिहून कळव, शब्द न् शब्द. तुझा कागद सहीशिवाय परत पाठवतो आहे, सोबत वहीतलं चौदा ओळींचं पान आहे. दोन्ही समोर ठेव आणि मग कुणाशी नातं तोडायचं ते ठरव. त्यांच्याशी तोडू नकोस.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
बारक्या

मार्चचं बिल: भाडे १८०, ब्रॉडबँड ५००, कॉल ४ मार्च ३, कॉल ५ मार्च १२, कर ७०. एकूण ७६५.
डब्यात अप्पांनी टाकलेले ३. बाकी ७६२ माझ्याकडून येणं, उद्या भरतो.